नवऱ्याच्या अळ्या, बाबांची स्लिपर

आमच्या साताऱ्यातल्या वन बीएचकेमध्ये कपाटात जास्त जागा कुणाची, माझी की नवऱ्याची, हा वाद लग्नानंतर दोन महिन्यांतच निकालात निघाला. दोघांचीही नाही. सगळ्यात जास्त हँगर अळ्यांनी अडवलेत.

दचकू नका, खऱ्या नाहीत. गळाला लावून मासे पकडायच्या मऊ प्लास्टिकच्या अळ्या, गांडुळं, बेडूक, झिंगे आणि बोटभर लांबीचे नकली मासे आहेत ते. दुकानात यांना 'सॉफ्ट प्लास्टिक लुअर' म्हणतात, आमच्या घरी नुसतं 'माल' म्हणतात. "माल आला का?" असं नवरा कुरिअरवाल्याला फोनवर विचारतो, तेव्हा शेजारच्या काकू आपलं दार जरा ओढून घेतात. रंग बघाल तर चक्रावून जाल. चमकी टाकलेला जांभळा, मोतीचुराचा नारिंगी, कच्च्या कैरीचा हिरवा, आणि एक शेड तर चक्क माझ्या नेलपेंटची. वासाची तर वेगळीच गंमत. मासा वासावरही येतो म्हणून यातल्या बऱ्याच मालाला बडीशेपेचा नाहीतर लसणाचा वास दिलेला असतो. त्यामुळे आमचं कपाट उघडलं की हॉटेलात शिरतानाचा लसूण आणि हॉटेलातून निघतानाची बडीशेप एकदमच नाकात जातात.

नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग करतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार एक्सेल. शनिवारी पहाटे पाचला मात्र हा माणूस अलार्म न लावता उठतो, जो माझ्यासाठी कधीही उठलेला नाही. त्याच्यासारखे आणखी सहा-सात आहेत. बँकवाले, आयटीवाले, एक तर चक्क डेंटिस्ट. कण्हेर किंवा उरमोडीच्या बॅकवॉटरला जातात, नाहीतर जवळ माहुलीच्या खाली कृष्णेवर. जिथं सोसायटीनं पाणी ठेक्यानं घेतलंय तिथं आधी विचारतात, अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकत नाहीत, आणि पकडलेला मासा फोटो काढून बहुतेक वेळा परत सोडतात. हे शेवटचं माझ्या सासूबाईंच्या पचनी अजून पडलेलं नाही. "सोडायचा होता तर धरला कशाला?" या प्रश्नाला गेल्या तीन वर्षांत समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

त्यांचं सगळं लक्ष मरळीवर. मरळ हा मोठा कॅरेक्टरवाला मासा. वर येऊन हवा घेतो, पाणवनस्पतींच्या गचपणात दबा धरून बसतो, आणि पिल्लं झाली की आई-बाप दोघं त्यांची राखण करतात. अशी राखण करणारी जोडी दिसली की आमची गँग तिथून गळ उचलते, त्याबाबतीत ते सज्जन आहेत. तर अशा गचपणात उघडा गळ टाकला की तो शेवाळात अडकणारच. मऊ अळीच्या पोटात गळाचं टोक लपवता येतं. मासा चावला की प्लास्टिक दबतं आणि टोक बाहेर येतं. शिवाय मऊ असल्यामुळे माशाला ते खरं वाटतं, तो लगेच थुंकत नाही. टणक लाकडी-प्लास्टिकच्या माशांपेक्षा या मऊ मालावर लोक फिदा आहेत ते यामुळे.

आता मुद्द्यावर येते. हा माल घरात ठेवायचा कसा?

प्रश्न फालतू वाटतोय ना? मलाही वाटला होता. मग त्या डेंटिस्ट मित्राचा किस्सा झाला. त्यानं कौतुकानं एक काचेसारखा चकचकीत, कप्प्या-कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा आणला. सगळी पाकिटं फोडली आणि रंगानुसार अळ्या कप्प्यांत मांडल्या. फोटो काढून ग्रुपवर टाकला, अंगठेही भरपूर मिळाले. मे महिना होता. डबा तीन आठवडे कारच्या डिकीत राहिला. एका शनिवारी कण्हेरच्या काठावर त्यानं तो उघडायला घेतला, तर झाकण निघेना. निघालं तेव्हा आत अळ्या नव्हत्या, रंगपंचमी होती. सगळं एकमेकांत विरघळून एक चिकट लगदा झालेला, आणि डब्याचा तळ लगद्याबरोबर मऊ पडून खाली लोंबलेला. प्लास्टिकनं प्लास्टिकला खाल्लं होतं! डेंटिस्ट बिचारा लोकांना दात कसे टिकवायचे हे सांगून घरी येतो.

हे असं का होतं, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'मासकॉमवाली'. आमच्या घरात गूगल करणं ही माझी ऑफिशियल जबाबदारी आहे. पण वाचत गेले तसा मला त्यात खरोखर रस वाटायला लागला.

या अळीची जन्मकथा स्वयंपाकघराच्या वळणाची आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं गाव आहे, टायरसाठी प्रसिद्ध. तिथं १९४९ च्या सुमारास निक क्रीम नावाच्या मासेवेड्या माणसानं बायको कॉस्माच्या मदतीनं घरच्या घरी प्लास्टिक शिजवून गांडुळाच्या साच्यात ओतलं. पुढे त्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. नवऱ्याच्या छंदापायी घरातली भांडी कामाला लागायची परंपरा इतकी जुनी आहे, हे वाचून मला जरा धीर आला.

हे शिजवायचं मिश्रण म्हणजे प्लास्टिसॉल. पीव्हीसीची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवायची आणि साधारण पावणेदोनशे-एकशे ऐंशी अंशांपर्यंत तापवायची. थंड झालं की ते रबरासारखं लिबलिबीत होतं. तो तेलकट द्रव असतो प्लास्टिसायझर. खरी ग्यानबाची मेख इथं आहे. पीव्हीसी मुळात कडक. आपल्या बाथरूमचे पाइप त्याचेच. त्याला अळीसारखं मऊ करतो तो हा द्रव, पण तो पीव्हीसीला पक्का जोडलेला नसतो, नुसता आत मुरलेला असतो. लोणच्यातलं तेल फोडीत मुरतं तसा. आणि लोणच्यासारखाच तो हळूहळू बाहेरही सुटतो. उष्णता वाढली की जास्त. बाहेर सुटला की जे शेजारी असेल त्यात शिरायला बघतो. काही प्लास्टिकं त्याला दाद देत नाहीत, काही मात्र लगेच विरघळतात.

कुठलं प्लास्टिक विरघळतं ते ओळखायची ट्रिक सोपी आहे, आणि ती तुम्ही आत्ता स्वयंपाकघरात जाऊनसुद्धा करू शकता. डबा उलटा करा. तळाला त्रिकोण असतो, त्यात आकडा. ६ असेल तर ते पॉलिस्टायरिन. चकचकीत, काचेसारखं, टिचकी मारली की टणटण वाजणारं. यात मऊ अळ्या ठेवल्या की डेंटिस्ट झालाच म्हणून समजा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जरा दुधी, जरा वाकणारं. ते चालतं. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, तेही चालतं. आपली झिपवाली पिशवी त्यातलीच. म्हणजे देखणा डबा घातकी आणि मळकट दिसणारा भरवशाचा. लग्नाच्या बाजारात हे कुणी आधी सांगितलं असतं तर आमच्या किती मैत्रिणी वाचल्या असत्या! असो.

पण डबा बरोबर निवडला की झालं, असं नाही. या अळ्यांच्यातच जातीपाती आहेत. बहुतेक माल पीव्हीसीचा, पण हल्ली एक दुसरा प्रकार मिळतो. ताणला तर दुप्पट-तिप्पट लांब होणारा, सहजी न तुटणारा, पाण्यावर तरंगणारा. तो वेगळ्या रसायनाचा. हे दोघं एका पिशवीत आले की एकमेकांना वितळवतात. तिसरा प्रकार पाण्यावर बनवलेला, रसात बुडवून येतो. तो पिशवीबाहेर राहिला की वाळून कडक होतो. सांगलीच्या उन्हात एकदा एक विसरलेली अळी मी गॅलरीच्या कठड्यावर पाहिली, हुबेहूब सांडगी मिरची. आणि त्याचा रस सांडला तर काय वास येतो ते मी या रंगीत पानांवर लिहू शकत नाही.

एकाच जातीतसुद्धा रंग एकमेकांना लागतात. गडद रंगाची अळी पांढरीशेजारी ठेवा, महिन्याभरात पांढरी गुलाबी होते. नवी लाल ओढणी आणि पांढरा शर्ट एकत्र धुतल्यासारखं. शिवाय वास. लसूणवाल्या आणि बडीशेपवाल्या एकत्र ठेवल्या तर जे तयार होतं ते माशालाही नको असतं. आणि वाकडं पडणं. या अळ्यांना आठवण असते म्हणतात. शेपूट दुमडून महिनाभर राहिलं की ते तसंच दुमडलेलं राहतं, पाण्यात मग ती अळी पोहत नाही, गोल गोल गरगरते. आणि मासा काही इतका खुळा नाही. असं शेपूट सरळ करायला गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून लगेच गार पाण्यात टाकायचं आणि सपाट ठेवायचं. हे आमच्याकडे चहाच्या पातेल्यात करायचा प्रयत्न एकदा झाला. एकदाच. मऊ प्लास्टिकमध्ये अनेकदा जे थॅलेट जातीचे प्लास्टिसायझर असतात, त्यातले काही लहान मुलांच्या खेळण्यांत ०.१ टक्क्याहून जास्त असू नयेत असं युरोपनं २००५ मध्येच ठरवलं. अळ्यांसाठी आता आमच्याकडे वेगळं, चेपलेलं ॲल्युमिनियमचं भांडं आहे. ते बाल्कनीत राहतं आणि त्याला घरात यायची परवानगी नाही.

माझी पद्धत शेवटी कुठून आली सांगू? मसाल्याच्या डब्यातून आली नाही. आधी तेच डोक्यात होतं, आपल्या संस्कृतीत नीटनेटकं म्हणजे मसाल्याचा डबा. पण मसाल्याच्या डब्याचा फंडाच हा की पुड्या फोडायच्या आणि वाट्यांत ओतायच्या. इथं तर पुडी फोडायचीच नाही. पिशवीवर नाव आहे, प्रकार आहे, ती पिशवी त्या मालाला चालणारी आहे, बाहेरून रंग दिसतो आणि वास आत राहतो. जी पाकिटं आतल्या साच्याच्या ट्रेसकट येतात, ती त्या ट्रेसकट ठेवायची, शेपूट सरळ राहतं. मग मला माझ्या कात्रणांची आठवण झाली. फ्रीलान्सर असल्यामुळे छापून आलेलं प्रत्येक चिटोरं मी रिंगच्या फायलीत लावते. पाकिटांना वर टांगायचं भोक असतंच. फायलीच्या रिंगमध्ये ती ओळीनं बसली. एक फाइल मरळीची, एक चिलापी-बिलापी छोट्या माशांची, एक वेगळी त्या ताणल्या जाणाऱ्या मालाची. तिच्यावर लाल मार्करनं 'दूर ठेवा' असं लिहिलंय. रसातल्या पिशव्या उभ्या, पाच नंबरच्या डब्यात. लांब पाकिटं फायलीत मावेनात, ती पँटच्या क्लिपवाल्या हँगरला. माझ्या पंजाबी ड्रेसच्या शेजारी आता बारा इंची जांभळी गांडुळं लटकतात. गळ मात्र यांच्याबरोबर अजिबात नाहीत, कारण बऱ्याच अळ्यांत वजनासाठी आणि चवीसाठी मीठ असतं, आणि मीठ नि लोखंड एकत्र आलं की गंज ठरलेला. साताऱ्याच्या पावसाळ्यात तर मीठ नसतानाही ठरलेला. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आमच्याकडे आता कुणी फेकत नाही.

रविवारी नदीवर जाताना तो सगळ्या फायली नेत नाही. चार पाकिटं निवडतो, कापडी पिशवीत घालतो. बाइकच्या डिकीत नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये. उन्हात डिकी म्हणजे भट्टी.

हे सगळं जमून आलं, तेव्हा आम्ही दोघं जाम खुश होतो. आणि तशात आम्ही सांगलीला गेलो.

सांगली माझं माहेर. गावभागात घर, कृष्णा चालत पाच मिनिटांवर. बाबा हळदीच्या पेढीवर हिशेब लिहायचे, आता रिटायर. दर रविवारी संध्याकाळी घाटावर गळ टाकायचे, आणि ते काय हॉबी वगैरे नव्हतं, रात्रीच्या कालवणाचा प्रश्न होता. त्यांचं सगळं सामान बघाल तर हसाल. नारळाच्या करवंटीत ओली माती, त्यात गांडुळं, वर केळीच्या पानाचा तुकडा. उरलेली गांडुळं घरी आल्यावर जास्वंदीच्या मुळाशी. दोऱ्याला तरंगायला मोरपिसाचा देठ. आणि गळ ठेवायला एक जुनी हवाई स्लिपर. डाव्या पायाची, पट्टा तुटलेली. तिच्या रबरी तळव्यात सात गळ टोचलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं. वरून खोबरेल तेलाचं बोट. जाताना सात मोजायचे, येताना सात मोजायचे. एखादा कमी भरला तर अंधार पडला तरी घाटाच्या पायऱ्यांवर हातानं चाचपडत बसायचे. आई इकडे चिडलेली, मी शेजारी टॉर्च धरून पेंगत. "सकाळी पोरं अनवाणी येतात पोहायला," एवढंच म्हणायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी आहे ४५ फूट. आई-बाबा वेळेत विश्रामबागला आत्याकडे गेले म्हणून बरं. पाणी उतरल्यावर आम्ही घरात शिरलो तेव्हा चिखल घोट्याच्या वर होता. आईच्या कपाटातल्या साड्या चिखलात मळून एकमेकींना चिकटलेल्या, फ्रिज आडवा, माझ्या शाळेच्या वह्यांचा लगदा. स्लिपर मात्र रबराची. ती पाण्याबरोबर वर वर जात माळ्याच्या खिडकीच्या गजात अडकून बसली होती. बाबांनी स्टुलावर चढून ती काढली आणि त्या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात आधी गळ मोजले. सातच्या सात. मग ते खाली बसले आणि पहिल्यांदा रडले. मला तेव्हा ते विचित्रच वाटलं होतं. साड्यांसाठी नाही, फ्रिजसाठी नाही. पण त्या दिवशी अख्खी गल्ली चिखलात अनवाणी फिरत होती, हात घालून घालून सामान शोधत होती.

तर अशा माणसासमोर माझ्या नवऱ्यानं आपल्या तीन फायली उघडल्या.

बाबांनी मनापासून कौतुक केलं. प्रत्येक पाकीट उलटसुलट बघितलं, वास घेतला, बडीशेपेला हसले. डब्याच्या तळाचा त्रिकोण त्यांना फारच आवडला, आईचे सगळे डबे त्यांनी उलटे करून आकडे वाचले. मग साधेपणानं विचारलं, "जावईबापू, यातले नेता किती आणि आणता किती?"

नवऱ्याकडे खरेदीची एक्सेल शीट होती. तारीख, रंग, लांबी, किंमत, कुरिअरचा नंबर. परत किती आले हा कॉलमच नव्हता.

"तुटतात बाबा काही काही. मासा शेपूट तोडून नेतो, कधी झाडोऱ्यात अडकून दोरा तुटतो. चालायचंच. नदीत जातात."

"नदीतनं कुठं जातात?"

यावर नवरा गप्प. बाबांनीच सांगितलं, "आमच्याकडंच येतात की."

आता बघा, ही भूगोलाची गोष्ट मला तरी कधी सुचली नव्हती. सातारा ते सांगली म्हणजे माझ्यासाठी हायवे, पेठ नाका, वाटेतला चहा, सव्वाशे किलोमीटर. पण नदी आधीपासून त्याच वाटेनं जाते आहे. माहुलीला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, मधे खोडशीचा बंधारा, मग सांगलीच्या जरा पुढे हरिपूरला वारणा. सासरी नदीत पडलेलं माहेरी येतं. एरवी इतक्या सगळ्या आंदणाच्या वस्तू माहेराहून सासरी जातात, आणि उलट दिशेनं काय जातं, तर शेपूट तुटलेली जांभळी गांडुळं. प्लास्टिक बुडतं, गाळात बसतं, लगेच नाही येत, हे मला कळतं. पण ऑगस्टमध्ये कृष्णा काय काय उचलून आणते ते आमच्या घरानं पाहिलंय.

नवऱ्याला राग आला. माझ्यावर नाही, बाबांवर तर नाहीच, पण गाडीत कऱ्हाडपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "नदीत काय काय जातं, सांडपाणी, निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या, आणि माझी दोन इंची शेपटी लोकांच्या डोळ्यावर येते." मुद्दा अगदीच खोटा नव्हता. मी पण वाद घातला नाही. पुढे दोन-तीन महिने सांगलीचा विषय निघाला की त्याचं काहीतरी ऑडिट असायचं.

दरम्यान मी पुन्हा माझ्या ऑफिशियल कामाला लागले होते. हा प्रश्न फक्त बाबांनाच पडलेला नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात, जिथं ट्राउट माशांचं लोकांना भारी प्रेम आहे, तिथं २०१३ मध्ये अशा रबरी आमिषांवर बंदी आणायचं विधेयक आलं होतं. सरसकट बंदी काही आली नाही, पण चर्चा बरीच झाली. कारण तुटून तळाशी पडलेल्या या अळ्या मासे गिळतात, त्या पोटात फुगतात आणि तिथंच अडकून राहतात. पोट भरलेलं वाटतं आणि मासा वाळत जातो. बडीशेपेचा वास इथं उलटा पडतो. माणसानं सोडून दिलेला तुकडासुद्धा माशाला खाण्याचाच वाटतो. 'पकडून सोडून देतो' म्हणणाऱ्या आमच्या गँगला हे वाचून दाखवलं तेव्हा डेंटिस्ट म्हणाला, "म्हणजे आपण मासा सोडतो आणि त्याच्यासाठी विषाची पुडी पण सोडतो." विष हा शब्द जरा फिल्मी झाला, पण त्यानंतर एकानंही विषय बदलला नाही.

हळूहळू सवयी बदलल्या. जाहीर काही झालं नाही. एक दिवस फायलीत एक नवीन पाकीट दिसलं, त्यावर मार्करनं 'माघारी' लिहिलेलं. फाटक्या, चावलेल्या, शेपूट गेलेल्या अळ्या त्यात. आधी या काठावरच टाकल्या जायच्या. थोडीशी चीर असेल तर तापवलेल्या पात्यानं दोन्ही कडा वितळवून जोडता येते. हे काम बाल्कनीत, वारा असताना आणि मी घरात नसताना. जुना माल वितळवून नवीन ओतता येतो, काही लोक करतातही, पण पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइडचा जाळ नाकात जातो. आमच्या फ्लॅटमध्ये त्याला माझा साफ नकार आहे. भंगारवाला हे घेत नाही, त्यानं पिशवी हातात घेऊन बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "ताई, हे खायचं आहे का?" त्यामुळे माघारीचं पाकीट जाडच होत चाललंय. आता ती दोन पाकिटं झालीत. त्यांचं पुढे काय करायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही. सगळ्यात जास्त फरक दोऱ्यानं पडला. झाडोऱ्यात जाताना तो आता जाड दोरा लावतो, म्हणजे अडकलं तर ओढून काढता येतं. मासे थोडे कमी लागतात म्हणे. लागू देत.

आणि वही आली. एक्सेल नाही, साधी दोनशे पानी. नेले किती, आणले किती. गेल्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, एकूण ११२ नेले, ९७ परत आले, त्यातले २१ माघारीत. पंधरा गेले. कण्हेरला नऊ, उरमोडीला दोन, माहुलीखाली चार.

हा आकडा बाबांना मीच फोनवर सांगितला. मला वाटलं बोलतील काहीतरी. ते म्हणाले, "माहुलीचे चार. बरं." मग आईनं फोन घेतला आणि भडंग संपलं का विचारलं.

दिवाळीच्या आधी पाणी उतरतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या मोकळ्या होतात. बाबा आता गळ टाकत नाहीत, गुडघे दुखतात. पण संध्याकाळी फिरायला घाटावर जातात. मागच्या नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. तळहातावर चिखल लागलेला एक तुकडा, दीड-दोन इंचाचा, एक टोक चावल्यासारखं. धुवून घेतल्यावर दुसरा फोटो. कैरीचा हिरवा.

नवऱ्यानं तो झूम करून बराच वेळ बघितला. असला माल शेकडो लोक वापरतात, कऱ्हाडला वापरतात, इस्लामपूरला वापरतात, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. तरी त्यानं वही काढली, पानं मागे उलटत गेला आणि फेब्रुवारीवर थांबला.

"बाबांना विचार," तो म्हणाला, "त्यात गळ होता का?"

मी फोन लावला. गळ नव्हता, नुसतं शेपूट होतं. बाबा म्हणाले, पायऱ्या त्यांनी खालपर्यंत चाचपून बघितल्यात, उद्या उजेडात परत एकदा बघतील.